अडकलेला काटा आणि ६१ जर्नल्स

एप्रिलचा दुसरा आठवडा आमच्याकडे सबमिशनचा असतो. नवी मुंबईतलं खासगी अभियांत्रिकी कॉलेज, मेकॅनिकलचं दुसरं वर्ष, हायड्रॉलिक मशीन्सची लॅब. स्टाफरूममधल्या टेबलांवर जर्नल्सच्या, म्हणजे प्रयोगवह्यांच्या, चळती, दारात पोरांची रांग. लाल पेन, सही, तारीख, पुढचा. मिनिटाला एक जर्नल हा माझा वेग होता आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. २०२४ च्या एप्रिलात एका बॅचची चळत सरांच्या टेबलावर होती. सर म्हणजे कारखान्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे शिकवायला आलेले. तास उलटून गेला तरी तिच्यातलं एकही जर्नल सही होऊन बाहेर आलं नव्हतं.

सरांनी मला हाक मारली. त्यांनी सहा जर्नल्स एकाच पानावर उघडून शेजारी शेजारी मांडली होती. प्रयोग होता सेंट्रिफ्यूगल पंपाच्या चाचणीचा. पंप पाणी ओढतो ती बाजू म्हणजे सक्शन, तिथलं व्हॅक्यूम गेजच्या काट्यावर वाचायचं.

"मॅडम, हा सक्शनचा कॉलम बघा जरा."

सहा जर्नल्स, प्रत्येकात सहा वाचनं, आणि छत्तीसही ठिकाणी २२०.

"व्हॉल्व्ह बंद असताना २२०, पूर्ण उघडा असताना २२०. पंप पाणी ओढतोय का नाही, याच्याशी त्या काट्याला काही देणंघेणंच नाही."

त्या लॅबची इन-चार्ज मी. सहा वर्षं त्या प्रयोगाखाली माझी सही आहे. म्हणून हे प्रकरण त्रयस्थाच्या आवाजात लिहिणं मला जमणार नाही, आणि तसा आव आणण्यातही अर्थ नाही.

सर कोण आणि आमच्याकडे कसे आले

सर ठाण्याचे, पाचपाखाडीत राहणारे. वडील वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत तीच. सरांनी १९८७ साली मेकॅनिकलची पदवी घेतली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कंपनीत ट्रेनी म्हणून लागले. ज्या रस्त्यावरून डोळे मिटून गेलं तरी वासावरून कंपनी ओळखता यायची, तो तेव्हाचा रस्ता. आता ऐरोली-घणसोलीत काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि संध्याकाळी कंपनीच्या भोंग्याऐवजी कॅबचे हॉर्न ऐकू येतात. शिफ्ट इंजिनिअर, मग मेंटेनन्स, मग प्लँट हेड आणि शेवटची काही वर्षं तीन कारखान्यांच्या उत्पादनाची जबाबदारी, असा त्यांचा चढता रस्ता. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये आमच्याकडे 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून रुजू झाले.

हे पद नवं आहे. यूजीसीने २०२२ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षं, तीही वरिष्ठ जागेवर काम केलेल्या माणसाला पीएचडी नसली तरी शिकवता येतं. अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नयेत आणि एका संस्थेत एकूण ४ वर्षांहून जास्त चालू नयेत, अशी अट आहे. कल्पना मात्र जुनीच. दरवर्षी १५ सप्टेंबरला आम्ही ज्यांच्या फोटोला हार घालतो, ते विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. पुढे म्हैसूरचे दिवाण असताना १९१७ साली बेंगळुरूला अभियांत्रिकी कॉलेज सुरू केलं. हार घालताना ही बाजू कुणी सांगत नाही, धरणाचे दरवाजे तेवढे सांगतात.

आमच्या संस्थेला सर कशाला हवे होते, हेही सांगितलं पाहिजे. माहितीपुस्तकात फोटो, दोन-तीन कंपन्यांशी सामंजस्य करार आणि जमलंच तर प्लेसमेंट. शिकवणं हे त्या यादीत होतं, पण खाली कुठेतरी.

पहिले तीन महिने

सरांचे सुरुवातीचे तास फसले. मी मागच्या बाकावर बसून दोन ऐकले आहेत, म्हणून सांगते. गोष्टी फर्मास असायच्या. पोरं मोबाइल खाली ठेवून ऐकायची. पण तासाला पंचावन्न मिनिटं असतात आणि त्यातली पंचेचाळीस कंडेन्सरच्या गोष्टीत गेली की ऑयलरचं समीकरण फळ्यावर यायच्या आत घंटा होते. पहिल्या युनिट टेस्टचा निकाल लागला तेव्हा निम्मा वर्ग दहाच्या खाली होता. सर निकालाचा कागद हातात घेऊन बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "बोर्ड मीटिंगमध्ये समोरच्यांना अर्धं आधीच माहीत असतं. इथे मी ते अर्धंही सांगत नाहीये."

पुढच्या आठवड्यापासून ते रात्री गणितं सोडवून यायला लागले. मी त्यांना लेसन प्लॅन कसा भरायचा ते शिकवलं. सीओ (कोर्स आउटकम) म्हणजे काय, पीओ (प्रोग्राम आउटकम) म्हणजे काय, कुठल्या चौकटीत १, २, ३ लिहायचे तेही. हा कारभार आपल्याकडे जोमात आला तो २०१४ नंतर. त्या वर्षी भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी मान्यता देणाऱ्या कराराचा, कायम सदस्य झाला. विद्यार्थी पदवी घेताना नेमकं काय करू शकतो, याचा पुरावा मागणारी ती पद्धत. मूळ विचार चांगला आहे, फायली मात्र फार. तेव्हाच्या यादीत पीओ-८ म्हणजे नीतिमत्ता. आमच्या या लॅबच्या कोर्स फाइलीत पंपाच्या प्रयोगासमोर पीओ-८ च्या चौकटीत '२' लिहिलेला आहे. अक्षर माझं.

त्या गोष्टींपैकी एक मात्र इथे लागणार आहे. नव्वदच्या दशकातली रात्रपाळी. कूलिंग वॉटरच्या पंपाचं डिस्चार्ज प्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्याचा दाब, लॉगशीटवर दर तासाला लिहायचं. आठही नोंदी ३.८ किलो (दर चौरस सेंटिमीटरला), एकाच पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात. प्रत्यक्षात गेजच्या आधीचा बारका व्हॉल्व्ह कुणीतरी बंद ठेवला होता. गेजमध्ये अडकलेलं प्रेशर काटा तसाच धरून बसलं होतं. तिकडे पंपाच्या सक्शनची जाळी गाळाने चोंदत होती, पाणी कमी कमी होत होतं. पहाटे कंडेन्सर गरम झाला, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, सॉल्व्हंटचा वास रस्त्यापर्यंत गेला. कुणाला इजा झाली नाही, पण बॅच गेली. त्या लॉगशीटवर शिफ्ट इन-चार्ज म्हणून सही होती सरांचीच, आणि त्यांनी ते वर्गात उघड सांगितलं.

पोरं हसली. टाळ्याही वाजल्या. आणि पुढच्याच आठवड्यात त्याच पोरांनी पंपाची वाचनं सीनियरच्या जर्नलवरून छापली. मला याचं नवल वाटत नाही. पुढे प्लँट हेड झालेल्या माणसाने तीसेक वर्षांनंतर सांगितलेली चूक ऐकायला गोड लागते. तिचा शेवट आधीच माहीत असतो.

प्रयोगाचं गणित

वाचकांत सगळेच मेकॅनिकलचे नसतील म्हणून जरा थांबते, कारण सगळी मेख इथेच आहे.

आमच्या रिगवर १ एचपीचा पंप आहे. खालच्या टाकीतून पाणी ओढतो आणि ४० बाय ४० सेंटिमीटरच्या मोजटाकीत टाकतो. टाकीत पाणी १० सेंटिमीटर चढायला किती सेकंद लागले ते घड्याळ लावून मोजायचं, म्हणजे १६ लिटरचा हिशेब मिळतो. ८ सेकंद लागले तर सेकंदाला २ लिटर. डिस्चार्जच्या गेजवर १.२ किलो म्हणजे १२ मीटर पाणी. सक्शनच्या गेजवर पाऱ्याचे २२० मिलिमीटर, त्याला १३.६ ने गुणलं की ३ मीटर पाणी. एकूण १५ मीटर. त्यावरून पंपाने पाण्याला दिलेली शक्ती निघते, साधारण २९४ वॉट. एनर्जी मीटरच्या दिव्याच्या दहा ब्लिंकना लागलेल्या वेळावरून मोटरने घेतलेली वीज काढायची, मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरायची, भागाकार करायचा. उत्तर येतं अडतीस-एकोणचाळीस टक्के. एवढ्याशा पंपाला ते ठीक आहे. मग व्हॉल्व्ह थोडा थोडा बंद करत असं सहा वेळा करायचं आणि आलेख काढायचा.

आता सक्शनचं व्हॅक्यूम कशाचं बनतं? पाणी किती खोलवरून उचलायचंय ते एक. त्यात पाइपातलं घर्षण, फूट व्हॉल्व्हचा (पाइपाच्या तळाशी असलेल्या झडपेचा) अडथळा आणि पाण्याला वेग द्यायला लागणारा हिस्सा मिळवायचा. या बाकीच्या गोष्टी प्रवाहाबरोबर वाढतात, ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे. डिस्चार्ज पूर्ण बंद केला तर प्रवाह शून्य, आणि उरते फक्त खोली. आमच्या टाकीतली पाण्याची पातळी पंपाच्या मध्यापासून अर्धा मीटर खाली आहे. अर्धा मीटर पाणी म्हणजे पाऱ्याचे ३७ मिलिमीटर. त्या स्थितीत २२० दाखवायचं तर पंपाला ३ मीटर खालून पाणी ओढावं लागेल. टाकी गुडघ्याएवढी आहे. तीन मीटर खाली तळमजल्यावरची केमिस्ट्रीची लॅब लागते.

हे सगळं मी दरवर्षी शिकवते. व्हॅक्यूम प्रवाहाबरोबर का वाढतं, हा प्रश्न मी ओरलमध्ये विचारलेला आहे, आणि उत्तर बरोबर आलं म्हणून गुण दिलेले आहेत. त्याच पोरांच्या जर्नलमध्ये सहा वेळा २२० होतं आणि खाली माझी सही होती.

सर मला लॅबमध्ये घेऊन गेले. पंप बंद होता. त्यांनी गेजच्या काचेवर नखाने दोन टिचक्या मारल्या, प्लँटवाल्यांची जुनी सवय. काटा २२० वर. नळी सोडवली, गेज हातात घेतलं. हवेत धरलेलं गेज, तरी २२०. सहा वर्षांत पंप बंद असताना त्या काट्याकडे मी एकदाही बघितलं नव्हतं. बंद यंत्राकडे बघतं कोण?

सह्या अडल्या ते पाच दिवस

इथे सरांनी चूक केली असं माझं मत आहे, आणि ते मी त्यांना सांगितलेलं आहे.

ते लॅबमधून थेट रांगेपाशी आले. वीस-बावीस पोरं उभी होती, मी शेजारी होते. ते म्हणाले, "हे माझ्या प्लँटच्या लॉगशीटवर असतं तर शिफ्ट इन-चार्जला मी त्याच दिवशी घरी पाठवला असता. एकाही जर्नलवर सही होणार नाही." शिफ्ट इन-चार्ज म्हणजे तिथे कोण, हे पोरांना समजायला वेळ लागला नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

दुपारपर्यंत हे प्रकरण एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, मॅडमच्या केबिनमध्ये पोहोचलं. सबमिशनची शेवटची तारीख पाच दिवसांवर होती. टर्म वर्क २५ गुणांचं. जर्नल सर्टिफाय झालं नाही तर पोरगं ओरलला बसू शकत नाही आणि केटी लागते, म्हणजे विषय मागे राहतो. तिन्ही बॅचची मिळून ६१ जर्नल्स होती. शिवाय पुढच्या महिन्यात मान्यतेच्या पाहणीची टीम यायची होती. मॅडमचं म्हणणं सरळ होतं: "आत्ता सह्या करा, गेज सुट्टीत बदलू. कार्यक्षमतेत असा कितीसा फरक पडतो?"

प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून मी हिशेब केला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना दोनेक टक्के. अर्धवट बंद केला, प्रवाह सेकंदाला ०.८ लिटरवर आणला की फरक तीन टक्क्यांचा, साडेअठ्ठावीसच्या जागी साडेपंचवीस. पंप चालतोय, आलेखाला बाक येतोय. तीन टक्क्यांसाठी ६१ पोरांचं वर्ष अडवायचं का?

सर म्हणाले, "वाचन घेतलंच नाहीये, मॅडम. त्यात टक्के कसले काढायचे?"

त्यावर एचओडी मॅडमनी विचारलेला प्रश्न माझ्या अजून डोक्यात आहे. "सर, प्लँटमध्ये तुम्ही कुणाला नापास करत होतात का?"

सर गप्प झाले. कारखान्यात माणूस चुकला तर त्याला समज देता येते, पाळी बदलता येते, अगदीच झालं तर काढता येतो. पंप चुकला तर पंप थांबवता येतो. इथे बॅच थांबवता येत नाही आणि विद्यार्थ्याला काढताही येत नाही. एकच लिव्हर हातात आहे, गुण. आणि तो ओढला की त्याचा मार बसतो तो वाचन छापणाऱ्या पोराला. छापलेलं वर्षानुवर्षं सही करून पुढे ढकलणाऱ्यांना काहीच होत नाही.

मग सरांनी कागद मागितला आणि शटडाउनचं नियोजन करतात तशी पट्टी आखली. एक रिग, पाच-सहा जणांचा गट, सहा वाचनं, ४० मिनिटं. तिन्ही बॅचचे मिळून १२ गट. एकूण ४८० मिनिटं. "आठ तासांचं काम आहे. दोन दुपारी."

केबिनमध्ये शांतता पसरली. वेळ नाही, हे आमचं मुख्य कारण होतं आणि तेच एका कागदावर निकालात निघालं. खरी अडचण वेगळी होती. पुन्हा वाचनं घ्यायची म्हणजे आधीची खोटी होती, हे कुणीतरी लिहून द्यायला हवं. ते मलाच द्यावं लागणार होतं.

काकांचं रजिस्टर

नवं गेज आणायचं ठरलं तेव्हा लॅब असिस्टंट काकांना बोलावलं. काका या लॅबमध्ये माझ्या आधीपासून आहेत. त्यांनी काही न बोलता कपाटातून दुरुस्तीचं रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि टेबलावर ठेवलं. तीन वर्षांपूर्वीची तारीख. 'सेंट्रि. पंप, व्हॅक्यूम गेज काटा जाम. नवीन पाहिजे.' खाली काकांची सही, शेजारी माझी.

मी ते वाचून सही केली होती की न वाचता, मला आठवत नाही. पुढे काय झालं ते मात्र कागदांवरून जुळवता आलं. मागणीपत्र गेलं. नियमाने तीन कोटेशन लागतात. एका गेजसाठी कोटेशन द्यायला कोण बसलाय? म्हणून ते 'इतर साहित्याबरोबर मागवावे' असा शेरा घेऊन परत आलं. इतर साहित्य ठरेपर्यंत ३१ मार्च उलटला, त्या वर्षाची तरतूद संपली. पुढच्या वर्षी नवं मागणीपत्र करायला हवं होतं. ते कुणी केलं नाही.

काकांना मी विचारलं, पुन्हा का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "मॅडम, पोरांची वाचनं तर बरोबर येत होती ना."

सरांनी रजिस्टरमधलं ते पान दोनदा वाचलं. सकाळी रांगेसमोर बोलणारा माणूस तो हाच का, असं वाटावं इतक्या खालच्या आवाजात म्हणाले, "मी पण कापलंय. एका वर्षी खर्च कमी करायचा होता, इन्स्ट्रुमेंट स्पेअर्सची यादी माझ्यासमोर आली. मी निम्मी खोडली. कुठली निम्मी, ते वाचलं नव्हतं. तेव्हा खाली असं कुणाचं तरी रजिस्टर असणारच."

कारखान्यातल्या अनुभवाचा कॉलेजला काय उपयोग, असं मला कुणी विचारलं तर मी हे वाक्य सांगते. लॉगशीटची गोष्ट त्यांनी शंभरदा सांगितली असेल, ती घासून गुळगुळीत झालेली होती. खोडलेल्या यादीबद्दल ते बहुतेक पहिल्यांदाच बोलत होते.

संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. "सकाळी मी तुम्हाला पोरांसमोर बोललो. प्लँटमध्ये आम्ही नियर-मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, कळवणाऱ्याला शिक्षा करायची नाही, हे शिकायला दहा वर्षं घेतली होती. इथे येऊन तीन महिन्यांत विसरलो." मी 'असू द्या सर' म्हटलं. खरं तर तेव्हा तसं वाटत नव्हतं.

दुसरी वाचनं

गेज सरांनी दुसऱ्या दिवशी वागळे इस्टेटमधून आणलं, स्वतःच्या पैशाने. त्यावर अकाउंट्स विभागाने अर्धा दिवस घेतला. भेट आलेली वस्तू डेड स्टॉकमध्ये (टिकाऊ सामानात) घ्यायची की कन्झ्युमेबलमध्ये (वापरून संपणाऱ्यात), हा मुद्दा होता. शेवटी काकांनीच कन्झ्युमेबलमध्ये चढवून टाकली आणि पान्हा हातात घेतला.

जुन्या पानाचं काय करायचं यावर पुन्हा वाद झाला. सरांचं म्हणणं, ते पान फाडायचं नाही, त्यावर पोरांनी स्वतःच्या हाताने लिहायचं की ही वाचनं आमची नाहीत. एचओडी मॅडम म्हणाल्या, पाहणीच्या टीमसमोर असं एकसष्ट वेळा लिहिलेलं मी ठेवू शकत नाही. तडजोड झाली ती अशी: जुन्या पानावर आडवी रेघ, समोर नवं पान आणि त्यावर 'गेज बदलले, वाचने पुन्हा घेतली', तारीख. गुण फक्त नव्या पानाचे. हे वाक्य खरं आहे आणि पुरेसं खरं नाही. मला आजही ते खटकतं, पण त्या आठवड्यात मी त्याच्याच बाजूने होते.

वाचनं घेण्याआधी सरांनी पंधरा मिनिटं बोलायचं ठरवलं. या वेळी स्वतःची गोष्ट नव्हती. अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ ला झालेला स्फोट त्यांनी घेतला. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. उंच टॉवरमध्ये द्रव भरत होता आणि पातळी दाखवणारं उपकरण सांगत होतं की पातळी २.४ मीटर आहे आणि हळूहळू उतरतेय. प्रत्यक्षात ती ४८ मीटरच्या आसपास होती. सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले, २.४ आणि ४८, आणि विचारलं: कंट्रोल रूममध्ये तुम्ही असता तर आत द्रव किती गेला आणि बाहेर किती आला, हा हिशेब केला असता का? कुणी हसलं नाही. एका पोरीने विचारलं, "सर, पण उपकरणावर विश्वास ठेवायचाच नाही तर काम कसं करायचं?" सरांनी तिला लगेच उत्तर दिलं नाही. रिगपाशी बोलावलं, पंप बंद ठेवून नव्या गेजचा काटा शून्यावर आहे का ते तिला बघायला लावलं आणि तेच पहिलं वाचन म्हणून लिहायला सांगितलं. तेव्हापासून आमच्या तक्त्यात सहाच्या जागी सात ओळी आहेत.

दोन दुपारी ठरवल्या होत्या, अडीच लागल्या. व्हॉल्व्ह बंद असताना ४०, पूर्ण उघडा असताना १६५, अर्धवट बंद करून ५५ च्या आसपास. शिकवलेलं डोळ्यांसमोर असं वाढताना बघून मीच खुळ्यासारखी खूश झाले. आलेख मात्र जर्नलमधल्यासारखे देखणे आले नाहीत. एका गटाचा एक ठिपका पार आकाशात गेला, कारण घड्याळ लावणाऱ्याने टाकीचा कॉक बंद करायच्या आधीच वेळ सुरू केली. त्यांनी तो ठिपका पुसला नाही, शेजारी कारण लिहिलं.

नवव्या गटाने मात्र आठव्याचंच छापलं, दशांशात थोडा हात फिरवून. ते पकडलं गेलं काकांमुळे. आठवा गट गेल्यावर त्यांनी खालच्या टाकीत वीतभर पाणी वाढवलं होतं. पातळी वर आली की व्हॅक्यूम उतरतं. वीतभर म्हणजे पाऱ्याचे पंधरा मिलिमीटर. बंद व्हॉल्व्हला ४० च्या जागी २५ यायला हवे होते, आणि कागदावर होते ४०. मला वाटलं, सर आता फुटणार. त्यांनी कागद परत दिला, खुर्ची ओढून रिगशेजारी बसले आणि म्हणाले, "चला, मी टाइम लावतो, तुम्ही गेज वाचा." चाळीस मिनिटं बसून राहिले. त्या दिवशी त्यांची ठाण्याची लोकल चुकली आणि पुढचीला उभं राहून जावं लागलं, हे दुसऱ्या दिवशी आम्हाला तीनदा ऐकायला मिळालं.

ओरल आणि नंतर

सगळ्या ६१ जर्नल्सवर शेवटच्या दिवशी सह्या झाल्या. सह्या मी केल्या, पान वाचून. मिनिटाला एक हा वेग गेला तो गेलाच.

ओरलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलाला विचारलं, कार्यक्षमता ३७ टक्के? पुस्तकात साठ-सत्तर दिलीय. मुलाने सांगितलं की हा एक एचपीचा छोटा पंप आहे आणि मोटरचे ८० टक्के आम्ही गृहीत धरलेत. परीक्षकांना ते पटलं नाही. त्याला २५ पैकी १४ मिळाले. ज्या पोरांना पुस्तकातली संख्या पाठ होती त्यांना वीसच्या वर. तो मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, "मॅडम, मागच्या वर्षीचं जर्नल असतं तर वाचलो असतो." त्याच्यासमोर माझ्याकडे उत्तर नव्हतं. परीक्षकांशी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं, मी बोलले नाही.

सत्राअखेरच्या फीडबॅकमध्ये सरांना माझ्यापेक्षा कमी गुण आले. 'स्ट्रिक्ट', 'स्लो', आणि एकाने 'प्लँट इज नॉट कॉलेज' असं लिहिलं होतं. सरांनी तो शेवटचा शेरा स्वतःच्या डायरीत उतरवून घेतला. संस्थेने त्यांना प्लेसमेंटचं प्रमुखपद देऊ केलं होतं, पगारही वाढणार होता. त्यांनी ते घेतलं नाही. आठवड्याला दोन लॅब आणि एक थिअरी एवढंच ठेवलं. माहितीपुस्तकात त्यांचा फोटो आहेच.

मान्यतेच्या टीमने आमच्या लॅबमधून रँडम म्हणून चार जर्नल्स उचलली. आडवी रेघ मारलेल्या पानाबद्दल एका सदस्यांनी विचारलं. एचओडी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गेजची सगळी हकीकत सांगितली, रजिस्टरसकट. ते 'हं' म्हणाले आणि पुढच्या लॅबकडे वळले. ते 'हं' कसलं होतं यावर स्टाफरूममध्ये आठवडाभर चर्चा चालली.

त्या सुट्टीत मी आणि काकांनी बाकीच्या रिग्ज बंद असताना तपासल्या. फ्रान्सिस टर्बाइनचं प्रेशर गेज शून्याच्या दोन रेघा वर उभं होतं. प्रवाह मोजणाऱ्या व्हेंचुरीमीटरच्या मॅनोमीटरमध्ये, म्हणजे दाब दाखवणाऱ्या नळीत, हवेचा बुडबुडा होता. तो किती वर्षांचा, देव जाणे. काकांनी दोन्ही रजिस्टरमध्ये लिहिलं. या वेळी त्यांनी स्वतःच पट्टी घेऊन एक नवा रकाना आखला होता, 'पुढे काय झाले'. टर्बाइनसमोर 'गेज बदलले' आणि तारीख आहे. मॅनोमीटरसमोर लिहिलंय, 'मॅडमना सांगितले, १० जून'. आज ४ जुलै आहे. तिसरं कोटेशन अजून आलेलं नाही.